भूगोलाच्या बाईंचा कोट

दि. ६ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कपडे बेतायला एका बाजूने कोरे कागद हवेत म्हणून तू लिहिलंस, त्याप्रमाणे अडीचशे पानांचा गठ्ठा पाठवते आहे. मागची बाजू कोरी आहे. पुढच्या बाजूला माझी कादंबरी आहे, तिकडे लक्ष देऊ नको.

सात वर्षं झाली लिहायला लागून. पहिल्या दोन कादंबऱ्या साभार परत आल्या आणि ही तिसरी मध्येच हटून बसली. एका घड्याळजीकडे एक बाई बंद घड्याळ घेऊन येते आणि नुसतं पुसून द्या, चालू करू नका, असं दर आठवड्याला सांगते. इथवर ठीक. पण ती असं का सांगते ते मलाच ठाऊक नाही, तर वाचकांना काय कपाळ सांगणार? प्रतिभेची वाट पाहून पाहून डोळे दुखायला लागले. आता पुरे. स्टेशनावर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे मी बरी आहे, तिथे निदान लोक आपणहून येतात.

दुसरी प्रत ठेवलेली नाही, म्हणजे मोह नको. बिनधास्त कात्री चालव.

लोभ आहेच, तेवढा मात्र कापू नको.
तुझी टाचणी

दि. २० जानेवारी

चि. टाचणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कागद झकास आहेत. चार-चार पानं चिकटवली की कोटाची पाठ निघते. पण एक घोटाळा झालाय. आमच्या गल्लीतल्या भूगोलाच्या बाई तुला आठवतात ना? निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी समोरच्याला नकाशापुढे उभं केल्यासारखं बघतात. त्या आपल्या कोटाच्या ट्रायलला आल्या तेव्हा टेबलावर बाहीचा कागद पसरलेला होता. त्यांनी चष्मा लावला आणि खांद्यापासून मनगटापर्यंत सगळी बाही वाचून काढली. पुढे काय, म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, पुढचं कॉलरमध्ये गेलंय. मग त्यांनी कॉलर वाचली, खिशाची झडप वाचली आणि अस्तरापाशी गोष्टच संपली. जणू मीच पानं लपवली, अशा माझ्यावर भडकल्या.

कोट मंगळवारी तयार झाला, पण बाई नेत नाहीत. त्या घड्याळवालीचं कळल्याशिवाय कोट हलणार नाही, असं बजावून गेल्यात. माझ्या दुकानात खुंट्या सहाच, त्यातली एक अडली. तेव्हा लिहायचं की नाही, हा आता तुझ्या एकटीचा प्रश्न राहिलेला नाही.

प्रतिभेचं म्हणशील तर चाळीस वर्षांत माझी तिची गाठ पडलेली नाही. गिऱ्हाईक दारात आलं की मी टेप उचलते.

खुशाली कमी आणि पानं जास्त पाठव.
तुझी आत्या

दि. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पाच वेळा वाचलं. आधी हसले, मग थोडी रडले, मग पेन शोधलं. सात वर्षांत पुढे काय असं मला कुणी विचारलेलंच नव्हतं गं.

तीन दिवसांत शेवट उरकून टाकला. ते घड्याळ बाईच्या दिवंगत नवऱ्याचं असतं, तो गेला त्याच क्षणी बंद पडलेलं. हे ऐकून घड्याळजी ढसाढसा रडतो आणि दोघं लग्न करतात. बारा पानं सोबत आहेत. बाईंना कोट घाल आणि वाटेला लाव.

तुझी खुंटी लवकर मोकळी होवो.
टाचणी

दि. १४ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाईंनी कोट अंगात घातला आणि वाचत वाचत वरपासून बटणं लावत गेल्या. मी म्हटलं, सुटले. शेवटच्या पानावर त्यांनी सगळी बटणं सोडली आणि कोट परत खुंटीला लावला. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करणारा माणूस झाकण उघडून बघितल्याशिवाय राहील का, असं त्यांनी विचारलं. मीही राहिले नसते. लग्नाचं तर बोलूच नये. दुसऱ्याच्या मापाचं आणून चढवलंयस.

उसवायचा मलाही कंटाळा येतो. सबंध दिवसाची शिलाई उसवताना हात नको म्हणतात. पण वाकडी टीप घातलेला कपडा मी दाराबाहेर जाऊ दिलेला नाही. तुझे सगळे तुकडे नंबर घालून डब्यात ठेवलेत. तू लिहायचं सोडलंस तर मला फार वाईट वाटेल, हे सरळच सांगते.

रागव, पण लिही.
तुझी आत्या

दि. ९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आठ दिवस तुम्हा दोघींवर रुसले होते. मग एक गंमत झाली. आमच्या खिडकीवर दर गुरुवारी एक आजोबा हरवलेल्या राखाडी हातमोज्यांची चौकशी करायला येतात, घटकाभर बोलतात आणि जातात. परवा मोजे सापडले. मी ते पुढे ठेवले. त्यांनी ओळखले, मी त्यांचा चेहरा पाहिला ना! पण हे आपले नव्हेत म्हणाले, आणि पुढच्या गुरुवारी परत येतो म्हणून गेले.

मी तिथेच, पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहायला बसले. घड्याळजी झाकण उघडतो. आत काहीच बिघडलेलं नाही, नुसती किल्ली दिलेली नाही. तो झाकण लावतो आणि बाईला सांगतो, काच अजून मनासारखी पुसली गेली नाही, पुढच्या आठवड्यात या.

चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलंय. या वेळी मनात धाकधूक आहे.

माया पातळ होऊ देऊ नको.
टाचणी

दि. १८ मार्च

चि. टाचणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कोट गेला.

या वेळी बाई बसून वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी पानं नीट जुळवून टेबलावर ठेवली. मग एवढ्या उकाड्यात कोट अंगात घालून निघाल्या. दारापर्यंत जाऊन वळल्या आणि म्हणाल्या, डावी बाही अर्धा इंच लांब वाटते, पुढच्या मंगळवारी दाखवायला येते.

मी बाही मोजली. बरोबर होती. मी म्हटलं, या.

तेव्हा मंगळवारच्या आत नव्या कादंबरीची निदान एक बाही तरी पाठव.

तुझी आत्या