लखाईची ओटी

ता. पाथर्डी,
८ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप रंगनाथमामांस,
ज्ञानेश्वरीचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? संगमनेरच्या थंडीत जास्त ठणकतो म्हणे. मामीला शेक द्यायला सांगा, आणि एकदा तरी तिचं ऐका. इकडे अर्धं गाव ऊसतोडीला गेलंय आणि उरलेलं अर्धं माझ्यावर चिडलंय. तुम्हाला ते कळलंच आहे, कारण 'पोरीला म्हणावं, माफी मागून मिटवून टाक' हा तुमचा निरोप मला पोचला. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून पत्र.

झालं ते माझ्याकडून ऐका. नववीच्या वर्गातल्या संस्कृती नावाच्या मुलीने विचारलं, "मॅडम, लखाई कोणत्या साली वारली?" मी म्हटलं, "बाळ, ती जन्मलीच नाही. ती माझ्या मामांच्या कादंबरीतली आहे. निजामशाहीतला दुष्काळ खरा, धान्य पुरून ठेवायची पेवं खरी. देशमुखाचं पेव फोडणारी लखाई मात्र मामांनी रचली." संध्याकाळी सरपंच अंगदराव दारात उभे.

"मॅडम, आमची लखाई खोटी म्हंता? बाया वटी भरत्यात तिथं. गावच्या नव्या कमानीवर तिचं नाव कोरायला टाकलंय. रविवारी ग्रामसभेत माफी मागा, न्हाईतर बदलीची तयारी ठिवा."

वेशीजवळच्या त्या झिजलेल्या वीरगळावर आम्ही लहानपणी चिंचा फोडायचो. तुमची कादंबरी गावभर फिरली आणि त्या दगडाची लखाई झाली. तिथेच गावाने तुमचा सत्कार केला. शाल तुम्ही घेतलीत, पण 'अहो, ही बाई मी रचली' एवढं काही तुमच्या तोंडून निघालं नाही.

कादंबऱ्यांना नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. सनावळ्या पाठ करून मला फक्त झोप यायची. त्या काळी माणसं काय खात, कुणाला भीत, शेतसारा कसा भरत, हे मला तुमच्या पानांतून कळलं, आणि त्या ओढीने मी इतिहास शिकवायला लागले. म्हणूनच वर्गात खोटं सांगणार नाही. त्यांनी बदली करावी, नाहीतर घरी बसवावं.

आता आपण दोघंही टाळतो ते लिहिते.

ती कादंबरी मी आईला वाचून दाखवली होती. तिला अक्षरओळख नव्हती. लखाई पहारेकऱ्याला म्हणते, "कुलूप पेवाला आसंल, पोटाला न्हाई." एवढं वाचलं आणि बाजरी पाखडता पाखडता आईचे हात थांबले. म्हणाली, "रंगानं त्वांड माझं घेतलं, नाव तेवढं सोडलं."

मग तिने सगळं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांसाठी आलेली सुकडी, ते सरकारी खाऊचं पीठ, अंगदरावांच्या आजोबांनी घरात दडवलं. आईने बाया जमवल्या, दार उघडायला लावलं आणि पोती बाहेर ओढली. त्या दिवशी पोरांच्या पोटात काहीतरी गेलं. आणि नाव काय पडलं? सुकडीचोर. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मरेपर्यंत तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. आज त्याच घरांतल्या बाया लखाईची ओटी भरतात, आणि त्याच आजोबांचा नातू कमान उभारतोय.

तुमची नोकरी नवी होती, तुम्ही घाबरलात, हे मला समजतं. म्हणून बहिणीला चारशे वर्षं मागे नेऊन ठेवलंत, तिथे तिचा कुणाला त्रास नव्हता. पण आता ती घाबरायची वेळ गेली, मामा. शाल आहे, पेन्शन आहे. आता कशाला भिता?

रविवारी मी माफी मागणार नाही. खण-नारळ घेऊन आधी त्या दगडापाशी जाईन, आईचं नाव मोठ्याने घेऊन ओटी भरीन, आणि मग ग्रामसभेत उभी राहीन. लखाई होऊन गेली नाही, मनकर्णा होऊन गेली, हे सांगेन. पुरावा काय म्हणाल, तर तिच्यासोबत पोती ओढलेली मुक्ताबाई अजून ओट्यावर बसून असते. तिला आजवर कुणी विचारलंच नाही.

सकाळची एसटी पकडलीत तर वेळेत पोचाल. माझ्याशेजारची खुर्ची मी धरून ठेवीन. ती रिकामी राहिली तर ती कुणाची, हेही गावाला सांगेन.

मामीला नमस्कार.

तुमची भाची,
आणि सुकडीचोर मनकर्णेची लेक,
ज्ञानेश्वरी