दाराचे बारा सेंटिमीटर

९ फेब्रुवारी

न्हाणीघराचं दार अडुसष्ट. खुर्ची जायला हवेत ऐंशी. तीनदा मोजलं, भिंत काही सरकली नाही!

डॉक्टरीणबाई आज स्पष्टच म्हणाल्या – न्हाणीघरात चाकाची खुर्ची जात नसेल तर तुमच्या नवऱ्याला घरी सोडता येणार नाही. म्हणजे अंसेल्म तिथेच राहणार, रुग्णालयाच्या त्या पिवळ्या खोलीत. बारा सेंटिमीटरसाठी!

आणि भिंत आमची नाहीच. फ्लॅट आमचा, भिंत शातोची, म्हणजे या जुन्या फ्रेंच गढीची. शातोत आम्ही अकरा घरं, चौदाव्या शतकातला दगड सगळ्यांचा मिळून. वार्षिक सभेत ठराव मंजूर झाल्याशिवाय त्यात खिळासुद्धा मारायचा नाही.

११ फेब्रुवारी

वारसा खात्याचा साहेब येऊन गेला. मी जीव मुठीत धरून बसले होते. त्यानं दारावर टकटक केली, वास घेतला (खरंच!) आणि म्हणाला, "ही चौकट मूळची नाही, शंभरच वर्षांपूर्वी बसवलीय. वाढवा खुशाल." मी त्याला उरलेला सफरचंदाचा केक बांधून दिला.

आता फक्त सभा. अठरा मार्च, ठराव सातवा.

२० फेब्रुवारी

शयनगृहाच्या भिंतीवरचा कागद खरवडते आहे. सात थर निघाले. कपाटामागे मात्र अंसेल्मनं नऊ वर्षांपूर्वी करून बघितलेला चुन्याचा गिलावा, हातभर चौकोन. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती गुळगुळीत केल्या, स्वतःच्या घरात एवढाच! "निवृत्त झालो की करू." झाला निवृत्त, आणि चौथ्या महिन्यात अर्धांगानं उजवी बाजू गेली.

चुन्याच्या गोण्या स्वतःच आणल्या. हृदयाच्या डॉक्टरांनी मला पाच किलोच्या वर उचलायचं नाही म्हणून सांगितलंय. त्यांना काय जातंय सांगायला.

२६ फेब्रुवारी

अंसेल्म माझ्या हातांकडे बघत होता. चुन्यानं फुटलेत. "मिरेय, दम लागतोय तुला," म्हणाला. एकेक शब्द ओढून काढतो बिचारा. मी म्हटलं, बस चुकली, पळत आले. विश्वास बसला नसावा.

त्याला सगळं सांगितलं – पलंग कुठे, खुर्ची कुठे, खिडकीतून तळं कसं दिसेल. मी एकटीच बोलत होते.

७ मार्च

फ्लॅट त्याच्या मावशीच्या पैशातून घेतलेला, त्यामुळे एकट्याच्या नावावर. मत त्याचं. सभांचा त्याला भारी कंटाळा. दरवर्षी कोऱ्या अधिकारपत्रावर सही ठोकायची आणि ब्रिसोच्या हातात द्यायचं – "माझ्या वतीनं काय वाटेल ते कर."

ब्रिसो म्हणजे वरच्या मजल्यावरचा, निवृत्त नोटरी, मालक समितीचा अध्यक्ष. दर मंगळवारी रुग्णालयात जाऊन अंसेल्मशी पत्ते खेळतो. आज जिन्यात भेटला. "अधिकारपत्र मिळालं का?" – "मिळालं, मादाम." एवढंच म्हणाला आणि मफलर सारखा करत बसला. माणूस तसाही घुमाच.

१८ मार्च

हरलो.

सगळं लिहून ठेवते.

मोठ्या दालनात सभा. थंडी इतकी की सगळे कोट घालून बसलेले. शेजारच्या मादाम द व्हिलेर्ग सुरुवातीलाच म्हणाल्या, "या भिंतीनं तीन राजे पाहिलेत!" मी म्हटलं, "मग एक चाकाची खुर्चीही पाहील!" लोक हसले. मला वाटलं, जिंकलो.

हजारातली पाचशे एक मतं हवी होती. ज्याचं घर मोठं त्याची मतं जास्त. एकेकाचे हात वर होत गेले. चारशे चाळीस झाली. आमची चौसष्ट धरली की झालंच! मी ब्रिसोकडे वळून हसलेसुद्धा.

तो उभा राहिला. टेबलाकडे बघत म्हणाला, "माझी मतं विरोधात. मस्यू अंसेल्म दुब्रेय यांची, अधिकारपत्रानुसार – विरोधात."

आमचीच चौसष्ट! आमच्याच दाराविरुद्ध!

सगळ्यांसमोर मी त्याला चोर म्हटलं. आजारी माणसाच्या कोऱ्या कागदावर दरोडा घालणारा म्हटलं. त्यानं अधिकारपत्र घडी करून आतल्या खिशात ठेवलं. लपवणारच की!

१९ मार्च

अंसेल्मला सांगितलं. रडले. त्यानं डोळे मिटले, डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "असू दे." मग – "ब्रिसोला बोलू नकोस." एवढा चांगुलपणा कुठून आणतो हा माणूस! मला राग आला त्याचा.

३१ मार्च

अंसेल्म गेला. सकाळी सहा वाजता. फोन आला तेव्हा मी गिलावा कालवत होते.

४ एप्रिल

पुरला. ब्रिसोनं पुष्पचक्र पाठवलं होतं, मी ते दफनभूमीच्या फाटकाबाहेर ठेवायला लावलं. तो पावसात फाटकापाशीच उभा राहिला, आत आला नाही. उभा राहू दे. अंसेल्म घरी आला असता तर जगला असता. त्या पिवळ्या खोलीनं मारलं त्याला, आणि खोलीत कोंडलं या माणसानं.

१५ एप्रिल

काही करवत नाही. कालवलेला चुना बादलीत दगड होऊन बसलाय. दोन माणसांचं सूप करते आणि दोन दिवस खाते.

१८ एप्रिल

वकीलबाईंकडे गेले. सभेच्या ठरावाला दोन महिन्यांत आव्हान देता येतं. दार आता कुणाला हवंय! पण ब्रिसोनं काय केलं ते गावासमोर येऊ दे. त्या म्हणाल्या, मूळ अधिकारपत्र मागवू. त्यावर त्यानं काय खरडलंय ते दिसेलच. अध्यक्षपद तर जाईलच.

ब्रिसोला नोंदणीकृत पत्र आजच टाकलं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

२३ एप्रिल

ब्रिसो दारात. मी आत घेतलं नाही. त्यानं उंबऱ्याबाहेरूनच कागद पुढे केला.

अधिकारपत्र कोरं नव्हतं. सातव्या ठरावापुढे, डाव्या हातानं, लहान मुलासारखं वेडंवाकडं – *विरोधात*. दोनदा गिरवलेलं. खाली अंसेल्मचीच सही.

"मी नाही म्हणत होतो, मादाम. पण ते ऐकेनात. म्हणाले – दार मोठं झालं तर ती मला घरी नेईल. उचलेल, धुवेल, पुसेल. माझ्या आधी तीच जाईल."