मनोरीचं ऊन

बोरिवली,
८ जुलै

प्रिय मृणालताई,

नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? आमची लिफ्ट अजून बंदच आहे.

तू फोन करतेस तेव्हा देवेश "ती झोपलीय" म्हणतो. मी जागीच असते. फोनवर तू रडशील आणि मग मलाच तुझी समजूत घालावी लागेल, म्हणून लिहितेय.

कालपासून कॉलेजला जातेय. टीवायच्या वर्गाला विषाणू शिकवले. कुणी काठीसारखा, कुणी वीस बाजूंचा, कुणाला शेपूट. कुणाचा मजकूर डीएनएत, कुणाचा आरएनएत, फ्लूचा तर आठ तुकड्यांत. एका मुलीने विचारलं, "मॅडम, सगळ्यात छोटे असतात ते काय करणार?" मी फळ्यावर पार्व्हो काढला. वीस बाजू, एकपदरी डीएनए, जेमतेम साडेपाच हजार अक्षरं. म्हटलं, "लहान मुलांचे गाल लाल होतात. मोठ्यांचे सांधे दुखतात. पोटातल्या बाळाचं रक्त बनणं थांबतं." सगळ्यांनी उतरवून घेतलं. माझा आवाज हलला नाही.

ताई, बाळ गेलं. पाचव्या महिन्यात. मुलगी होती. देवेशने पाहिली, मी नाही.

तपासणीत पार्व्होच निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणा लहान मुलाला पुरळ आलं होतं?" मी "नाही" म्हणाले. देवेश नुसता माझ्याकडे बघत राहिला.

मे महिन्यात तुम्ही आला होतात, तेव्हा मनोरीच्या किनाऱ्यावरून परतल्यावर अस्मिताचे गाल लाल झाले होते. "ऊन लागलंय गं, दुसरं काय!" तू म्हणालीस. मलाही तेच वाटलं. पार्व्हो पसरतो तो गाल लाल व्हायच्या आधीच, आणि आधीचे चार दिवस ती माझ्याच कुशीत झोपत होती. पुढे माझी बोटं आखडली, तेव्हाही काही सुचलं नाही.

विषाणू कॉलेजातून आला असेल, बसमधून आला असेल. अस्मिताकडचा आणि माझ्याकडचा, दोन्ही विषाणू मिळाले असते तर अक्षरं ताडून पाहता आली असती. मला ती ताडून पाहायची नाहीत. पण देवेश कधीतरी रागात तुला बोलून जाईल, त्याआधी माझ्याकडून कळावं.

अस्मिताला यातलं काही सांगू नकोस. आत्ता नाही, मोठी झाल्यावरही नाही. गणपतीत तिला घेऊन ये. देवेशशी मी बोलते. ती येऊन बिलगली की मला काही वाटतं का, ते बघायचंय. सध्या कशाचंच काही वाटत नाही.

अस्मिताची मावशी,
उत्तरा