अर्थाऐवजी माणूस

नाशिक रोड,
१२ फेब्रुवारी २००४

प्रिय आशे,

हातातलं काम बाजूला ठेव आणि हे बसून वाच. आठ वर्षांनी पत्र लिहितेय म्हणून आधी चार शिव्या घाल, त्या मी ऐकल्या असं समज. पण आजची बातमी अशी आहे की विंचूरला येऊन तुझ्या ओट्यावर नाचत सांगावी. माझ्या क्लासच्या चौदा मुलींपैकी अकरा निवडल्या गेल्या! पुण्याला नोकरी, फोनवर परदेशी गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलायचं. आणि त्या अकराही जणींना तू शिकवलंयस. थांब, सांगते. शेवटी तुला एक विचारायचंही आहे, तुझ्या उत्तरावाचून सगळं अडलंय.

नामपूरला तुझ्या वडिलांच्या, आमच्या नाथाकाकांच्या दुकानात पुड्या बांधायला इंग्रजी रद्दी यायची. शेवटच्या पानावर चौकटीत रोज एक वाक्प्रचार असायचा. कागदाची पुडी व्हायच्या आत आपण तो कापून घ्यायचो. कधी चौकट हाती लागायची आणि अर्थ कुणाच्या तरी शेंगदाण्यांबरोबर निघून गेलेला असायचा. अर्थ मिळाला तरी तुझं समाधान नव्हतंच. तुझा एकच हट्ट, आपल्या गावात हे कुणाला लागू होतं ते आधी शोधायचं. मग वहीत अर्थाऐवजी माणूस लिहायचीस. 'कोल्ड फीट'पुढे लिहिलंस, सहादूतात्या, हळद लागल्यावर मळ्यात जाऊन लपला तो. 'स्पिल द बीन्स'पुढे अस्सल अहिराणीत, 'गोजराबाईना कानमा सांगं, समदा गावले समजनं.' 'व्हेन पिग्ज फ्लाय' म्हणजे चिमाजी टेलर सांगितल्या दिवशी ब्लाऊज देईल तेव्हा. मी आपली नुसती डिंक लावून कात्रणं चिकटवायची. अक्षर सगळं तुझं.

आणि दहावीला इंग्रजीत नापास झालीस तीही तूच. चार मार्कांनी! पुस्तकातली उत्तरं सोडून मनातलं लिहिलंस, दुसरं काय. निकालाच्या पेपरात माझा नंबर सापडला, तुझा आपण तीनदा शोधला. नाथाकाकांनीही चष्मा लावून शोधला. त्यांनी तो पेपर घडी घालून गल्ल्याखाली ठेवला, त्याच्या पुड्या केल्या नाहीत. दोन वर्षांनी तुझं लग्न ठरलं आणि मी कॉलेजला नाशिकला आले.

गेल्या वर्षी माझ्या मुली दोनदा मुलाखतीत पडल्या. जाड पुस्तकातले वाक्प्रचार घोकून जायच्या आणि समोरचा भराभर बोलायला लागला की यांची दातखीळ बसायची. पेठकडची योगिनी तर पिशवी भरून गावी निघाली होती. आमच्या घरात हे कुणालाच येत नाय, मला कुठून येणार, म्हणून ढसाढसा रडली. त्या दिवशी मी ट्रंकेतून तुझी वही काढली. फळ्यावर 'कोल्ड फीट' लिहिलं आणि सहादूतात्यांची गोष्ट सांगितली. वर्ग असा खिदळला की शेजारच्या टायपिंग क्लासची पोरं दारात येऊन उभी राहिली. मग म्हटलं, आता प्रत्येकीने आपल्या गावातला माणूस आणायचा. योगिनीने मामा आणला. विहिरीत उडी मारतो म्हणून त्याने गाव गोळा केलं होतं आणि पायरीवर पाय बुडवून घरी गेला होता. मुलाखतीत साहेबांनी तिला विचारलं, नवीन शहराची भीती नाही वाटत? पोरीने चुकतमाकत, पण न थांबता, इंग्रजीत तो मामा सांगितला. वर म्हणाली, मामा घरी गेला, मी उडी मारणार. साहेब टेबलावर हात आपटून हसले म्हणे. आशे, मला इतका आनंद झाला की मी रस्त्यातच रडले.

ही हकीगत इथल्या एका प्रकाशकांच्या कानावर गेली. त्यांना वहीचं पुस्तक करायचंय. मुखपृष्ठही करून आणलं, त्यावर माझं एकटीचं नाव. मी ते परत पाठवलं.

आता जे आठ वर्षं लिहिलं नाही ते लिहिते. ती वही मी तुला न विचारता आणली होती. मी नाशिकला निघायच्या आदल्या दिवशी तू मागच्या दारी लग्नाचे पापड लाटत होतीस आणि मी ती फडताळातून उचलली. मनात आलं, आशाला आता हिचा काय उपयोग! तू पत्रातून विचारलंस तेव्हा मी 'शोधते' असं खोटंच कळवलं, आणि मग लाजेने लिहिणंच सोडलं. माफी समोर येऊन मागेन. वही आज रजिस्टर पोस्टाने तुझ्याकडे निघाली आहे. ती तुझी आहे. तू नाही म्हणालीस तर पुस्तक होणार नाही. हो म्हणालीस तर वर तुझं नाव, खाली माझं. आशा कापडणीस छापायचं की आशा दरेकर, तेवढं कळव. अक्षरं मात्र मोठ्ठी घ्यायला मी सांगून ठेवलंय. त्या पेपरात तुझा नंबर शोधून नाथाकाकांचे डोळे दुखले होते. या वेळी त्यांना चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे.

तुझीच,
सवी