उकिरड्यावरचं नाव

माझी सुकवारोमाय,

तुले चिठ्ठी कधी लिहिली नाही. तुले वाचता कुठं येत होतं? मीही सातवीपर्यंतच शिकली, लिहायची सवय गेली, अक्षर वाकडंतिकडं होऊन राहिलं. पण आज तुझ्याच अंगणातून वापस आली आणि सांगाले माणूस नाही. मायले सांगावं तं ती रडते. घरवाल्याले सांगावं तं तो चिडते. म्हणून तुले लिहून राहिली.

आज माझ्या पोरीले सुपात घालून तुझ्या घरामागच्या उकिरड्यावर ठेवलं. जसं मायनं मले ठेवलं होतं. कोणीच उचललं नाही, सुकवारोमाय. कोणीच नाही!

तुले कायची घाई झाली होती वं जायची?

माझी गोष्ट मायनं मले किती खेपा सांगितली, मोजता येत नाही. माझ्या आधीचे दोन पोरं सटीच्या पूजेआधीच गेले. मंग मी झाली, बोटाएवढी. तवा कोणीतरी म्हणलं, ज्या घरी लेकरं टिकत नाही त्या घरच्यांनी लेकरू फेकल्यावानी करायचं. जिची सारी लेकरं जगली अशा बाईनं ते उचलून आपलं म्हणायचं. मंग आईनं ते तिच्याकडून मोलानं घ्यायचं. मरण शोधत आलं तं त्याले समजलं पाहिजे, या घरचं हे लेकरूच नाही.

अशी बाई आमच्या मागंच राहत होती. तू. छत्तीसगढची, लग्न होऊन इकडं दरेकशाच्या जंगलपट्टीत आलेली. तुझी सारीच लेकरं धडधाकट, दिवसभर झाडावर.

तू खराटा घेऊन आली, जसं काही ठाऊकच नाही. आणि गावभर आईकू जाईन अशी ओरडली, "ये काकर नोनी आय? काकरो नो हे? त मोर आय!" कोणाची ही पोर, कोणाचीच नाही तं माझी. तुझी छत्तीसगढी साऱ्या गावाले समजायची. यमालेही समजली असंन.

मंग माय सूपभर कोंडा घेऊन तुझ्या दारात उभी. "बाई, ते पोट्टी देतं काय?"

"इतक्यात? इतक्या कोंड्यात कोंबडी येत नाही वं! माझी पोट्टी चांगली वजनदार हाय!"

बाया हसून हसून लोटपोट. माय म्हणते, मले हसूही येत होतं आणि रडूही. आणखी ओंजळभर कोंडा टाकला तवा कुठं तुनं मले तिच्या हातात दिलं. "पोस," म्हणली, "पण माझी हाय, ध्यानात ठेव."

नाव ठेवायचा हक्क तुझा. तुनं फेकन ठेवलं. बाबा अडून बसले. आमच्या घरी आत्या देवकला, काकू शामकला, बाबाले कला पाहिजेच होती. तू म्हणली, "ठेव ना बाप्पा तुझी कला. पण पयले माझं फेकन." झालं, मी फेकनकला!

असं नाव मले आजवर दुसरं भेटलं नाही. फेकनलाल भेटले, फेकनबाई भेटली, धनकला आणि चंद्रकला तं ढिगानं. गोंदियाच्या दवाखान्यात शामकला म्हणून हाक मारली तं तिघी उठल्या. फेकनकला म्हटलं तं मी एकटीच. "ये कैसा नाम है?" पर्चीवाला म्हणे. सारी लाईन माझ्याकडं पाहून राहिली.

शाळेत तं काही विचारू नको. चेंडू खेळताना पोट्टे म्हणायचे, हिलेच द्या, हिच्या नावातच फेकणं हाय. मी रडत तुझ्याकडं यायची. तू मोहफुलं वेचता वेचता म्हणायची, "चांगल्या नावाले सारेच बोलावतात, नोनी. यमही बोलावते. तुझं नाव आईकलं तं तो म्हणंन, कचरा होय, राहू दे."

मले तवा राग यायचा. एखादं साजरं नाव असतं तं काय बिघडलं असतं, असं वाटायचं.

मंग कामठ्याले लग्न झालं आणि साजरं नाव भेटलं. सासूले लाज वाटत होती. लोकाले काय सांगावं, सुनेचं नाव फेकन? कल्पना ठेवलं, कागदावर तेवढं जुनं राहिलं. तू मांडवातच सासूले अडवलं. "समधीन, नाव काढू नका. ते नाव नाही, कुलूप होय."

सासू म्हणे, "आमच्या घरी चोरी होत नाही, बाई."

सारे हसले. मीही हसली, सुकवारोमाय. नव्या बांगड्या होत्या हातात.

माझा पयला वर्षाचाही झाला नाही. ताप आला, पोट फुगलं, दवाखान्यात पोचेपर्यंत पांढरा पडला. मोठ्या डॉक्टरीनबाईनं आम्हा दोघांचं रक्त तपासाले लावलं. म्हणे शिकल हाय, रक्ताची बिमारी, मायबापाकडून लेकरात येते. माझ्या रक्तात अर्धं, घरवाल्याच्या रक्तात अर्धं, लेकरात पूर्ण उतरलं. मी हळूच विचारलं, नाव बदलवल्यानं असं होते काय? ती माझ्याकडं पाहतच राहिली. "नाही गं बाई, नावाचा काय संबंध?"

मी मान हलवली. पण मनातून जाते काय ते? तूच सांग. तुझं नाव होतं तवरी मले काही झालं नाही. काढलं आणि माझं लेकरू गेलं.

आता ही सात महिन्याची. हिच्याही रक्तात तेच निघालं. डोळे पिवळे दिसतात. हात-पाय सुजतात, मंग कपडा लागला तरी किंचाळते. रोजची गोळी देऊन राहिली. डॉक्टरीनबाई म्हणते, नीट सांभाळलं तं मोठे होतात असे लेकरं. पण हे सांगताना ती माझ्याकडं पाहत नाही, कागदाकडं पाहते. मले समजते.

मी हिचं नावच ठेवलं नाही. घरी सारे नुसतं बाई म्हणतात. नाव तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं. फोनवर तूच म्हणली होती ना, "घेऊन ये, मी हाव ना. उचलीन तुझीही." मंग घरवाल्याले सुट्टी नाही. मंग धानाचा रोवणा लागला. मंग हिलेच ताप. आणि तू काय केलं? ताप काय आला, दवाखान्यातही गेली नाही, निघूनच गेली! थोडी तं थांबती!

तरीही मी आली. सासूले सांगितलं, माहेरी जाऊन येते. वाटलं, तुझी सून मोंगरा हाय, बाकी बाया हाय, कोणी तरी उचलंन.

मायनं साऱ्याइले बोलावलं होतं. मी सूप ठेवलं, पाठ फिरवली, कोपऱ्यात जाऊन बसली. खराटा वाजायची वाट पाहून राहिली.

मोंगरा दारातून पुढं आली आणि थांबली. "बाई, राग नको धरू. मी उचलली तं ते माझी झाली. आणि मेली तं माझी मेली. माझे दोन हाय ना पदरात."

मी बाकीच्यांकडं पाहिलं. एक म्हातारी म्हणे, "पोट्टी शिकलवाली हाय म्हणते. मरणाले फसवता येते वं, रक्ताले कसं फसवावं?" दुसरीनं पदर तोंडाले लावला. कोणी वाईट नव्हतं, सुकवारोमाय. भेव होतं नुसतं. माझ्यावानीच.

तवा मले पयल्यांदा समजलं. तुलेही हे माहीत होतं! मी मेली असती तं तुझ्या घरचं मरण झालं असतं, तुझ्या पोरांच्या रांगेतलं. दोन मुडदे पाहिलेल्या घरची तिसरी, बोटाएवढी पोर तुनं उचलली आणि वर भाव करत बसली! तुले भेव नाही वाटलं काय? की वाटलं आणि म्हणूनच इतकी मोठ्यानं ओरडली? इतके वर्ष माझ्यासमोर होती आणि मीनं कधी विचारलं नाही.

ऊन चढलं. कोंबड्या सुपाजवळ येऊन राहिल्या होत्या. पोरगी रडून रडून मुकी झाली. आईनं उचलायचं नसते, मले माहीत होतं. मीच उचललं. दुसरं काय करू?

आता ते सारं मोडलं. ही कोणाची हाय ते जगाले दिसलं.

घरवाल्याचा फोन आला. मले वाटलं, ओरडंन. तो म्हणे, "गोळी दिली काय?" तोही भिते. सांगत नाही.

घरी येता येता माय म्हणली, "आता नाव तं ठेव वं."

मी म्हणली, "सुकवारकला."

माय रस्त्यातच उभी राहिली. "पोट्टी मंगळवारची आणि नाव शुक्रवारचं? लोक काय म्हणतीन?"

म्हणू दे. तू शुक्रवारची म्हणून तुझं नाव सुकवारो. ते अर्धं तुझं आणि कला बाबाची. हेही नाव पुऱ्या जिल्ह्यात दुसरं नसंन. मी काही आशेनं ठेवलं नाही हे. याच्यानं रक्त बदलत नाही, मले आता कळते. नुसतं वाटलं, बिननावाची नको जायले.

बुधवारी तिले दवाखान्यात न्यायचं हाय. एक कबूल करून राहिली तुले. एकही तारीख चुकवणार नाही, एकही गोळी चुकवणार नाही. हिचं नाव कोणी बदलवाले आलं तं मी हसणार नाही. समजायच्या वयाची झाली तं तू कोण होती ते सांगीन. झाली तं.

आणि नाही झाली, तिकडं आली, तं आईकून ठेव. अनोळखी हाताले ती आधी रडते. रडू दे, रागावू नको. झोपताना तिले डावी कूस लागते. पाठीवर थोपटायचं नाही, हाडं दुखतात तिचे. नुसता हात ठेवायचा. तेवढ्यानं झोपते.

तवरी हात ठेवाले मी हाय.

तुझी,
फेकनकला