कोपऱ्यातली खुर्ची

४ मार्च, सोमवार

झालं! माझी बातमी फुटली. दवाखान्यातल्या कंपाउंडरने म्हणे कोणालाच सांगितलं नाही — फक्त जो भेटेल त्याला! दुपारपर्यंत आमच्या सलूनमध्ये पोचली. एचआयव्ही हा शब्द उच्चारायची एकाचीही छाती नाही. ‘त्याला ते झालंय.’ ते!

५ मार्च, मंगळवार

सलून माझ्या मामांचं. वस्तरा धरायला त्यांनीच शिकवलं. आज त्यांनी माझी खुर्ची उचलून मागे, संडासाच्या दाराशी नेली. ‘गिऱ्हाईकांसाठी रे. माझ्या मनात काही नाही.’ मनात काही नाही, म्हणून माझ्या ब्रशला, कंगव्याला, टॉवेलला लाल दोरा! अकरा वर्षं एक धड कात्री मागत होतो. आज वेगळी मिळाली, कोरी करकरीत. आजाराचे लाड बघा!

डॉक्टरीणबाई सांगून थकल्या — गोळ्या वेळेवर घेतोस, रक्तात विषाणू सापडतसुद्धा नाही, आणि केस कापून हे पसरत नाही. पण त्यांना काय कळतंय! आमच्या बाकावर त्यांच्याहून शहाणे पेपर वाचत बसतात.

८ मार्च, शुक्रवार

दिवसभर माशा मारल्या.

१२ मार्च, मंगळवार

एक गिऱ्हाईक! निवृत्त मास्तर, माझे जुने. ‘मी नाही बाबा घाबरत,’ म्हणत ऐटीत बसले आणि श्वास रोखून धरला. अहो मास्तर, केस कापायला वीस मिनिटं लागतात! तोंड जांभळं पडलं तेव्हा मीच म्हटलं, ‘घ्या एकदा, मी तिकडे बघतो.’

हसून हसून पुरेवाट झाली. घरी येऊन मात्र रडलो. चांगला भोकाड पसरून. इथे लिहायला लाज कसली, वाचणार कोण!

१६ मार्च, शनिवार

मामा आरशात बघत बोलले. ‘महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे बघ. माझा नाइलाज आहे.’ दुसरीकडे! एवढा डंका पिटल्यावर कोण उभं करणार? हा एकच धंदा येतो मला. ‘मामा, तुम्हीच शिकवलंत ना?’ विचारलं. ते धुतलेला कंगवा पुन्हा धूत राहिले.

२० मार्च, बुधवार

त्या कंपाउंडरचं तोंड बघणं नको. गोळ्या आता लांबच्या दवाखान्यातून. दोन बस बदलाव्या लागतील, लागू देत. तिथे ओळखीचं कुत्रंही नाही.

२२ मार्च, शुक्रवार

रांगेत माझ्यापुढे मामी.

खिडकीतून तिने मी घेतो त्याच गोळ्यांचे दोन डबे घेतले, वळली तर समोर मी. ‘एक माझा, एक ह्यांचा. नऊ वर्षं झाली.’ मग माझा हात घट्ट धरला. ‘तुला ठेवलं तर लोक आमच्याकडेही बघतील, ह्या धास्तीने घास उतरत नाही रे त्यांना.’

इतक्या शिव्या साठवल्या होत्या मामांसाठी! एकही आठवेना. मामीला बसमध्ये बसवून दिलं आणि म्हटलं, ‘त्यांना सांग, मी सलून सोडणार नाही. आणि तोंडही उघडणार नाही.’