दहा जानेवारीचा काटा

२ जून
प्रसूतिगृहात नर्सची नोकरी आणि वर राहायला खोली, म्हणजे दुधात साखर. नवरा जहाजावरून पंधराला येईल, तोवर पसारा आवरते. टेबलाच्या खणात एक चकती सापडली. तिचा काटा शेवटच्या पाळीच्या तारखेवर आणला की किती आठवडे झाले, बाळंतपण कधी, सगळं कळतं. काटा मात्र दहा जानेवारीवर घट्ट बसलेला. शेजारीच तेलाची शिशी. आधीची सिस्टर माझ्यासारखीच टापटिपीची असावी. दोन थेंब घातले, सुटला.

११ जुलै
सहा वर्षांनी मला दिवस गेले! पाळी पाच जूनची. चकती फिरवली: बारा मार्च. रोज दहाजणींच्या तारखा लावते, आज स्वतःची लावली. नवरा आत्तापासूनच पाळणा कुठे ठेवायचा ते ठरवतोय.

१ ऑगस्ट
सोनोग्राफी झाली. आठ आठवडे हवेत, डॉक्टरीणबाई बारा म्हणतात. म्हणजे दिवस मे महिन्यातच गेलेले. मी म्हटलं, मशीन चुकलं असेल. नवऱ्याने बोटांवर मोजलं, दोनदा. मे महिन्यात तो समुद्रावर होता. रात्री जेवला नाही.

२० ऑगस्ट
बावीस आठवडे. सुरुवात मार्चमध्ये सरकली. नवरा बॅग भरून आईकडे गेला. जाताना म्हणाला, हिशेब तुझ्याच कामातला आहे, तूच कर. मी कुणाकडे गेलेले नाही. कुणाला सांगू?

१० सप्टेंबर
पस्तिसावा आठवडा. पाळी दहा जानेवारीची निघते. आयाबाईंना खोदून विचारलं. आधीची सिस्टर मे महिन्यात बाळंतपणात गेली. तिच्या मते पाचवा महिना होता, मूल मात्र पुऱ्या दिवसांचं, धडधाकट. हे माझं नाही, म्हणत गेली.
तिचं कार्ड काढलं. पाळी: दहा जानेवारी.

१६ ऑक्टोबर
त्या कार्डाप्रमाणे बाळंतपण उद्या. माझ्या हिशेबाने पाचवा महिना —
खण उघडला. काटा पाच जूनवर. ओढला, हलत नाही.
पोटात तिचं आहे. माझं इथे, काट्यात अडकलेलं.

१७ ऑक्टोबर
कळा. नव्या सिस्टरसाठी लिहिलं होतं, तेल घालू नका —
खोडलं.
शिशी चकतीजवळच ठेवली आहे. दोन थेंब पुरतात. सुटला की त्याला एवढंच सांगा, तुझी आई —